बबनकाकांना पाय दिसेनात

मंगळवार, संध्याकाळ. राजुरी

आज मी बबनकाकांवर सगळ्यांदेखत ओरडलो, ते काही डोक्यातून जात नाही. आमचा तिघांचा सोल-जॅझ बँड: माझा ऑर्गन, एक गिटार, एक ड्रम. अल्बममधल्या एका गाण्याला ढोलकी हवी, म्हणून तमाशात हयात घालवलेल्या काकांना मीच पाहुणे म्हणून बोलावलं. स्टुडिओत हेडफोन लावून काचेपलीकडे बसवलं. तीन टेक वाया गेले. शेवटी मी माइकवरून ओरडलो, "काका, ताल सुटतोय तुमचा!"

त्यांनी हेडफोन काढला. "राव, हितं पाय दिसंनात कुणाचं. नाचणारीचा पाय बघूनच आमी वाजवत आलो."

पाय! ऑर्गनचे खर्जातले सूर मी खालच्या पट्ट्या दाबून पायांनीच वाजवतो, आणि हे मला सुचू नये? त्यांना माझ्याशेजारी जमिनीवर बसवलं, माझे बूट काढले. गाणं असं धावलं! मध्येच माझा पाय चुकला. काकांनी त्यावर अशी थाप टाकली की चूक कुणाला कळलीच नाही.

नंतर मी हळूच म्हटलं, "काका, माझा पाय चुकला तेव्हा..."

"कवा? मला तर न्हाई दिसला," म्हणाले.

सबंध गाणंभर त्यांची नजर माझ्या पायांवरून हलली नव्हती.