जाड कार्पेट

प्रिय हट्टी बाईसाहेब,

अक्षर वेडंवाकडं दिसतंय म्हणून पत्र दुसऱ्या कुणी लिहिलंय असं समजू नकोस. मीच लिहितोय. उजवा हात हल्ली कुणाचं ऐकत नाही. चहाचा कप उचलला की अर्धा चहा बशीत आणि उरलेला शर्टावर. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. पत्राचं बरं असतं, फाडून टाकायच्या आधी माणूस ते एकदा तरी वाचतोच. तू तर चौकस, दोनदा वाचशील.

विषय कामाचा आहे. पिकअपच्या केबिनमध्ये खाली काय अंथरायचं? बाकी गाडी तयार आहे. रंग चढला, बंपर चकाकतोय, सीट शिवून बसली, मागच्या हौद्याच्या फळ्यांना तेल पाजून झालं. रस्त्याने जाणारे थांबून बघतात, आणि मग कुणीतरी दरवाजा उघडतो तर खाली नुसता उघडा पत्रा. नवरदेवाने सूट घालावा आणि पायात काहीच नसावं, तशी गत. नवरदेव आठवायचं कारण, तुझ्या भावाचं लग्न ठरलंय. आणि गाडी त्यालाच जाते आहे. लगेच नाक फुगवू नकोस. ही गाडी तुझी, असं मी म्हणालो होतो, ते मला चांगलं आठवतं. तुझी आई विसरूच देत नाही. पण बाप पोरांना शंभर गोष्टी म्हणत असतो. चंद्र आणून देईन असंही म्हणालो होतो, तो मागायला आली होतीस का?

आणि जरा विचार कर. तुला दिली असती तर आज ना उद्या ती दुसऱ्याच्या अंगणात उभी राहिली असती. मुलाला दिली की वस्तू घरात राहते. आता लग्नानंतर तो सासऱ्याच्याच घरी राहायला जाणार आहे आणि गाडीही त्याच्याबरोबर तिकडे जाणार, हे खरं, पण ते वेगळं.

आठवतं ना, भंगारवाल्याकडून दोरीने ओढत आणली तेव्हा तिला तळ जवळजवळ नव्हताच. सीटवर बसलं की पायांच्या मधून रस्ता दिसायचा. मी तर ती फोडून सुटे भाग विकणार होतो. तू म्हणालीस, नाही, उभी करायची. तेव्हा तुझं डोकं बॉनेटच्या वरही येत नव्हतं. शाळेतून आलीस की दप्तर एकीकडे आणि तू गाडीखाली. तुझा भाऊ सावलीत बसून कुठला पान्हा घ्यायचा ते तुला सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकायचं कसब त्याचं जन्मजात. मोठी होत गेलीस, हातात बळ आलं, तसा सडलेला पत्रा तू कापलास, खाकी कागदाचे साचे काढलेस, नवा पत्रा त्या साच्याबरहुकूम वाकवलास. गिअरच्या उंचवट्याभोवतीचा जोड तर असा बसवलास की मी बोट फिरवून शोधत राहिलो. तेव्हा काही बोललो नाही. पोरीला फार चढवू नये, असं माझं मत होतं आणि आहे.

आणि तिथेच तू तो उद्योग करून ठेवलास. ड्रायव्हरशेजारी जो बसतो त्याच्या पायाखालच्या पत्र्यावर, मी म्हणालो होतो, वेल्डिंगचा एक सरळ टाका मार, हात बसू दे. तू तिथे स्वतःचं नाव काढलंस. तीनही अक्षरं, चांगली वीतभर, वर उचललेली. घासून सपाट कर म्हटलं तर म्हणालीस, ‘असू दे बाबा, सही आहे ती माझी.’ मला हसू आलं आणि मी सोडून दिलं. गाड्या दुरुस्तीला घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवतही होतो. ते कौतुक आता महागात पडलंय.

झालं असं, की तुझ्या भावाचं आणि त्या मुलीचं आपसात जमलं होतं, पण तिच्या वडिलांना हा रिकामटेकडा जावई पसंत नव्हता. एकदा नकार द्यायलाच म्हणून घरी आले. शेडमध्ये गाडी दिसली आणि नकार विसरून तिच्याभोवती फिरत राहिले. जुन्या गाड्यांचे वेडे आहेत, स्वतःच्या चार गाड्या झाकून ठेवल्यात. ‘हे कुणी केलं?’ त्यांनी विचारलं. चिरंजीवांनी क्षणही न घालवता सांगितलं, ‘मी.’ मी शेजारीच उभा होतो, फडक्याला हात पुसत. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी मान डोलावली. तुला वाटेल, बापाला लाज वाटली असेल. नाही वाटली. जन्मात पहिल्यांदा तो कुणासमोर ताठ उभा होता, आणि मला बरं वाटलं. तुला ताठ उभं राहायला कधी कुणाची गरज लागली नाही. तू कुठेही जा, दोन हातांवर पोट भरशील. त्याचं काय?

मग त्यांच्याबरोबर आलेल्या विहीणबाईंनी विचारलं, मुलं किती तुम्हाला? आता तू घर सोडून गेलीस, का गेलीस, वेल्डिंगचा मास्क आणि ते खाकी साचे तेवढे काखेत मारून कशी गेलीस, बसच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात काय करतेस, हे सगळं सांगत बसलो असतो, तर गाडी कुणी उभी केली हे कळायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? मी म्हटलं, हा एकच. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी आई पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती, ती ग्लास तसेच घेऊन आत वळली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. भिंतीवरचे तुझे फोटो मी काढले, तिने नाही. ते तिच्या कपाटात कपड्यांखाली आहेत, काळजी नसावी. गल्लीतल्यांनाही सांगून ठेवलंय, विषय काढू नका म्हणून. लोक अशा बाबतीत समजूतदार असतात, जे बोलायचं ते पाठीमागे बोलतात.

त्यानंतर मूळ गाडीत असायची तशी काळी रबरी मॅट मागवली. तूही तीच घातली असतीस. चिखल झाडता येतो, पाणी सांडलं तर मॅट उचलून पत्रा वाळवता येतो. होणारी सूनबाई चक्कर मारायला बसली. चपला काढल्या, पाय पसरले आणि म्हणाली, ‘अरे, इथे पायाला काहीतरी लागतंय.’ अंगठ्याने चाचपत चाचपत तिने एकेक अक्षर लावून काढलं आणि मोठ्याने वाचलं. मग विचारलं, ‘ही कोण?’ चिरंजीवांना दरदरून घाम. म्हणाले, ‘गाडीचं नाव आहे ते. मीच ठेवलंय लाडाने.’

झालं. त्या दिवसापासून गाडीला सगळे तुझ्या नावाने बोलावतात. व्याही फोनवर तुझं नाव घेऊन विचारतात, कशी आहे, सकाळी लवकर सुरू होते का, तेल फार पिते का. मी सांगतो, ठीक आहे, जरा आवाज करते. जीभ अडखळायची सुरुवातीला, आता नाही अडखळत. परवा तुझा भाऊ चाकं तपासून गाडी घेऊन आला आणि फाटकाबाहेरून तुझं नाव घेऊन ओरडला, ‘आली हो, फाटक उघडा!’ तुझी आई ओल्या हातांनी धावत बाहेर आली. चप्पलसुद्धा घातली नव्हती. तिनेच फाटक उघडलं. गाडी आत यायला लागली तशी बाजूला सरकली, गाडीच्या मागे रस्त्यावर डोकावून बघितलं, आणि फाटक लावून घरात गेली. गॅसवरचं सगळं करपलं होतं. तिने तेच वाढलं, आम्ही तेच खाल्लं.

सूनबाईला मात्र ही गोष्ट पटलेली नाही. हसत हसत म्हणाली, पण म्हणाली, ‘गाडीचं नाव माणूस दारावर लिहितो, मॅटखाली लपवून ठेवत नाही.’ तिला वाटतंय, त्याचं कुठेतरी जुनं प्रकरण आहे. आहे की नाही गंमत? सख्ख्या नणंदेला पोरीने सवत करून टाकलं. लग्नाआधी ते नाव तिथून गेलंच पाहिजे, असं बजावून गेली. चिरंजीव ग्राइंडर घेऊन बसले. पण तुझा टाका पत्र्यात खोल उतरलेला. वरून घासलं की खाली काही उरतच नाही. पहिलं अक्षर अर्धं गेलं आणि त्यातून शेडची जमीन दिसायला लागली. मग काय, ग्राइंडर वाईट, पत्रा हलका, उजेड कमी. नाचता येईना अंगण वाकडं. भोक बुजवायला मी वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला, तर माझ्या हाताने ते भोक दुप्पट करून ठेवलं. त्या दिवशी मला तुझी आठवण आली, हेही सांगून टाकतो.

तर आता काय अंथरायचं ते बघ. रबरी मॅटमधून उरलेली अक्षरं पायाला लागतातच. व्हिनाइल उन्हाने मऊ पडलं की ती आणखी उठून दिसतील. तुझ्या भावाला लाकडी फरशीसारख्या पट्ट्या बसवायच्या होत्या, कुणाच्या तरी दिवाणखान्यात बघून आला होता. मी म्हटलं, मग टीपॉय आणि फुलदाणीही ठेव. राहता राहिलं जाड कार्पेट, खाली फेल्टचा दुहेरी थर. तुझा कार्पेटवर किती राग आहे ते मला ठाऊक आहे. पिकअपमध्ये कार्पेट मागणाऱ्या त्या दूधवाल्याला तू कशी झापली होतीस! म्हणालीस, दुधाचे कॅन सांडणार, फेल्ट पाणी धरून ठेवणार, वरून राजेशाही थाट आणि खालून गंज. तो बिचारा शेवटी मॅट घेऊन गेला. तुझं बरोबरच होतं. कार्पेट घातलं तर काही वर्षांत तुझा तो तळ सडेल, नावासकट. पण तोवर लग्न जुनं झालेलं असेल, मग सडेना का. रंग करडा घ्यायचा की तपकिरी, तेवढं तू ठरव. तेवढा तुझा मान.

तर हे पत्र एवढ्यासाठी. येत्या रविवारी ये. मास्क आणि खाकी साचे घेऊन ये. भोक बुजव, उरलेल्या अक्षरांभोवती फेल्ट कापून सगळं एका पातळीत आण आणि वर कार्पेट बसव. बाहेरचा माणूस बोलावला तर तो गावभर सांगत सुटेल, शिवाय काम तुझ्यासारखं होणार नाही. लग्नाचं आमंत्रण यात नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तरी तू येशील, मला माहीत आहे. माझ्यासाठी नाही, भावासाठी तर नाहीच. त्या पत्र्यावर दुसऱ्या कुणी गचाळ टाका मारलेला तुला बघवणार नाही, म्हणून येशील. पुढून येऊ नकोस, मागच्या फाटकाने थेट शेडमध्ये ये. सूनबाई काम बघायला स्वतः येऊन बसणार आहे. तिला सांगितलंय, नाव घासून निघत नाही, कायमचं गाडून टाकतो; कार्पेटच्या दुकानातून एक बाई येणार आहेत, वेल्डिंगही जमतं त्यांना. मला बाबा म्हणू नकोस, मालक म्हण. आई चहा आणून देईल. तिच्याकडे फार वेळ बघू नकोस, ती रडेल आणि सगळ्यावर पाणी पडेल. तिला मी पढवून ठेवलंय, हाक मारायचीच वेळ आली तर ‘अहो बाई’ म्हणायचं. सूनबाई बोलकी आहे, तुझं नाव विचारल्याशिवाय राहणार नाही. दुसरं एखादं नाव येतानाच ठरवून ये, ऐन वेळी अडखळू नकोस.

अजूनही तुझाच,
बाबा