दाईचा भाग, आणि मी टीव्ही का बंद केला नाही

तीर्थरूप ताई,

तुला आणि भावजींना मनापासून नमस्कार. (वाकून केलेला नाही. एक तर कंबर धरली आहे, आणि दुसरं म्हणजे मी सध्या तुझ्यावर रागावले आहे. दोन्हीपैकी जे आधी सुटेल ते सुटल्यावर वाकेन.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस, की व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवून त्याच्याकडे बघूनच बरं वाटून घेतेस? भावजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. फोनवर तुझ्यामागून ऐकू आला तो खोकला नसून हसणं असेल तर त्यांना वेगळा नमस्कार. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे मध्यंतरी जे एकमेकांशी बोलत नव्हते तेही वेळेवर जेवत होते.

परवा फोनवर तू मला पुष्कळ बोललीस. मीही बोलले, पण ते तुझ्यापर्यंत पोचलं नसावं, कारण तू श्वास घ्यायला थांबलीस तोवर लाइन तुटली होती. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की साठीला टेकलेल्या आणि इस्पितळाचा अख्खा धुलाई विभाग सांभाळणाऱ्या बाईने पंखवाल्या राक्षसांच्या मालिकेपायी पोटच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडावं, हे शोभत नाही. ताई, लग्न मोडलेलं नाही. ते कसं वाचलं ते पुढे येईलच. आणि शोभण्याचं म्हणशील, तर तुझा फोन तुटल्या तुटल्या मी तोच भाग लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. घे.

आता मालिकेविषयी. तिचं नाव ‘काळ्या मिठाचं राज्य’. मिठाचे डोंगर, त्यावर राजवाडा, राजवाड्यात दुष्ट राणी, आणि राणीने पाळलेला एक पंखवाला राक्षस, जो जाळत नाही तर गोठवतो. (जाळणारे सगळीकडे असतात. हा त्यातल्या त्यात नीटनेटका. मागे राख उरत नाही. माझ्या धंद्यातल्या बाईला हे फार पटतं.) त्यात एक दाई आहे. सुरुवातीपासून तिला बोलायला फक्त ‘दूध गरम आहे, राजकुमार’ एवढंच दिलंय. आणि मग एका भागात राणी राजकुमाराला मारायला निघते, तेव्हा ही दाई पोराला पाठीशी घालून पुलाच्या तोंडाशी उभी राहते. राणी म्हणते, पोर इकडे दे. दाई म्हणते, नाही. बस. भाषण नाही, शाप नाही, तलवार नाही. राक्षस तिच्यावर फुंकर घालतो, ती उभ्या उभ्या बर्फाची होते, त्या बर्फाने पुलाचं तोंडच बंद होतं आणि पोर पळून जातं. हा भाग मी इतक्यांदा पाहिलाय की राक्षस पंख कधी झटकणार हे मला राक्षसाच्या आधी कळतं. तरी रडते. महत्त्वाचं काही असलं की आधी हा भाग पाहायचा, असं माझं ठरलेलं आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी पाहिला होता, चादरींना इस्त्री करणारं गरम रोलरचं नवं मशीन चालवायला घेतलं त्या सकाळी पाहिला होता, आणि चिंगीच्या सासरची मंडळी पहिल्यांदा घरी यायची होती त्या दुपारीही पाहायला घेतला. (चिंगी आता दातांची डॉक्टर आहे आणि तिला कोणी चिंगी म्हटलेलं आवडत नाही. दवाखान्यात नाही म्हणत.)

मंडळी पाचला यायची होती. घर लख्ख होतं. सोफ्यावर मी इस्पितळात सुद्धा घालत नाही इतकी कडक इस्त्री केलेली चादर घातली होती. चिंगी केक आणायला गेली होती, हे दाढी करत होते. यांना राक्षसाचा आवाज सहन होत नाही म्हणून मी हेडफोन घालून बसले. इथे सगळा घोटाळा झाला, कारण हेडफोन घातले की बाहेरचं ऐकू येत नाही हे एक, आणि आपण किती मोठ्याने बोलतो हेही कळत नाही हे दुसरं. मी त्या माणसांशी बोलते, ताई. गप्प बसून पाहणाऱ्यांना ती माणसं आपली वाटतच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर मुलाच्या आईसाहेब, म्हणजे होऊ घातलेल्या विहीणबाई, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि सगळीकडे वेळेच्या आधी जातात. घर खरं कसं आहे ते तेव्हाच दिसतं म्हणे. त्यांनी बेल वाजवली. यांनी अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून दार उघडलं. विहीणबाईंनी उंबऱ्यात पाऊल टाकायला आणि पडद्यावर राणीने पुलावर पाऊल टाकायला एकच गाठ पडली, आणि त्याच क्षणी मी, दाराकडे पाठ करून, पोटातून ओरडले, “खबरदार पुढे आलीस तर, सटवे! तू कशाला आलीयस ते मला चांगलं ठाऊक आहे!”

हे सांगतात की विहीणबाई पायपुसण्यावर एका पायावर उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे त्यांचे यजमान, त्यांच्या मागे मुलगा, असे तिघे एकामागे एक थबकले. यांना तेव्हा एकच वाक्य सुचलं, “आमची ही टीव्हीशी बोलते आहे,” आणि त्याने परिस्थिती सुधारली नाही.

मग यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी वळले, पाहिलं, हेडफोन काढले. कोणीही शहाणी बाई इथे टीव्ही बंद करते, हे मला मान्य आहे. पण ताई, दाई नुकतीच पुलाच्या तोंडाशी आली होती. तिला तशी एकटी सोडून चहाचं बघायला जायचं? मी म्हणाले, “बसा, थोडंच राहिलंय,” आणि हेडफोनची वायर उपटली. खोली राक्षसाच्या आवाजाने भरली. मंडळी बसली. (कडक इस्त्रीच्या चादरीवरून घसरत घसरत बसली.) दाई गोठली, मी चहाच्या ट्रेमधला रुमाल घेऊन नाक पुसलं, आणि मुलाचे वडील, जे आल्यापासून अवाक्षर बोलले नव्हते, पुढे झुकून म्हणाले, “मुलगा पोचला का पलीकडे?” त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की तेही गोठले.

मग विहीणबाई म्हणाल्या, मेली ती एक नोकर, त्यात एवढं रडण्यासारखं काय? मी म्हणाले, तिच्यामुळे राजघराणं जिवंत राहिलं, हे रडण्यासारखं आहे. इथवर सगळं ठीक होतं. दोन बायकांची मतं जुळली नाहीत एवढंच. चिंगी केक घेऊन आली, केक कापला, केकची तारीफ झाली. आणि मग विहीणबाईंनी, केकचा तुकडा काट्याने बाजूला सारत, वर्गात सूचना वाचावी तशा सुरात सांगितलं, की त्यांच्याकडे रात्रीचं जेवण सगळे एकत्र घेतात, तेव्हा लग्नानंतर संध्याकाळचा दवाखाना बंद करावा लागेल. सकाळचा चालू ठेवायला त्यांची हरकत नाही.

चिंगीने तो दवाखाना कसा उभा केला ते तू पाहिलंस. खुर्ची कुठून आणली, दिवा कसा बसवला, नोकरी करणारी माणसं संध्याकाळीच येतात म्हणून ती किती उशिरापर्यंत उभी राहिली. मुलगा बशीत बघत होता. हे केककडे बघत होते. चिंगी रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती. मी म्हणाले, “नाही.”

सगळे माझ्याकडे वळले. मी पुन्हा म्हणाले, “तिचा दवाखाना बंद होणार नाही.” आवाज चढवला नाही. हेडफोनही नव्हते. विहीणबाई उठल्या, यजमान उठले, आणि मुलगाही उठला. त्याचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं, पण त्याची आई दारापर्यंत पोचली होती. निरोप आला, विचार करून कळवतो.

तुला वाटेल चिंगीने माझ्या गळ्यात पडायला हवं होतं. मलाही वाटलं होतं. मी हात सुद्धा थोडे पसरले होते. ती म्हणाली, “मी बोलणारच होते, आई.”

“मग बोलली का नाहीस?”

“शब्द जुळवत होते. तू दरवेळी माझ्या तोंडाने बोलतेस. आणि तुझी ती दाई! तिने त्या पोराला एकदा तरी विचारलं का, तुला काय करायचंय म्हणून?”

आणि दार लावून घेतलं. ताई, मला इतका राग आला की काय सांगू. मला बोलली ते ठीक, पण दाईला? जी बाई बर्फ झाली तिच्यावर ठपका? दुसऱ्या दिवशी कामावरून आले आणि चिंगीला खोटं पाडायचं म्हणून तो भाग पुन्हा लावला. आजवर मी नेहमी दाईच्या तोंडाकडे पाहिलं होतं. या खेपेला पोराकडे पाहिलं. ते दाईच्या घागऱ्यामागे, पडद्याच्या अगदी कडेला उभं असतं, आणि ती ‘नाही’ म्हणते तेव्हा त्याचं तोंड उघडलेलं असतं. काहीतरी सांगायचं असतं त्याला. पुढच्या क्षणी राक्षस फुंकर घालतो आणि ते राहूनच जातं. इतक्यांदा पाहूनही मला ते कधी दिसलं नव्हतं. मी मागे नेऊन तेवढंच पुन्हा पाहिलं, आणि मग टीव्ही बंद करून यांना न बोलावता एकटीनेच चहा प्यायले.

पण म्हणून मी शरण गेले असं समजू नकोस. दाई बरोबरच होती. पूल अडवायलाच हवा होता. फक्त एकदा मागे वळून पाहायला काय जात होतं, एवढंच.

त्या आठवड्यात मुलगा इस्पितळात आला. थेट धुलाई विभागात. (तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो आणि स्वतः जाड काचांचा चष्मा लावतो. आमच्याकडे वाफेत शिरताच दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या आणि तो गाठोड्यांच्या ढिगाला नमस्कार करून म्हणाला, “काकू, थोडं बोलायचं होतं.” मी ढिगाच्या डावीकडे होते.) मशीनमधून चादरी येत होत्या. मी एका चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली, दोन माझ्या हातात घेतली, आणि आम्ही घड्या घालायला लागलो. तो म्हणाला, “मी आईला... म्हणजे आईला मी...” आणि थांबला. ताई, त्याचं उरलेलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्याच्या पुढची दोनही तयार होती. मी दातांत जीभ धरली आणि चादर ताणली. मशीन धडधडत होतं. पुढची चादर आली, त्यापुढची आली. बऱ्याच चादरींनंतर त्याने सांगितलं, की आईला त्याने साफ सांगितलंय, दवाखाना राहील आणि जेवायला तो चिंगीसाठी थांबेल, मग कितीही वाजोत. आई त्याच्याशी बोलत नाही. दुकानाच्या वरची जागा रिकामी आहे, ती तो बघतोय.

मग म्हणाला, “ती फोन उचलत नाही, काकू. तुम्ही सांगाल का तिला?”

मी सांगणारच होते. मी पदर खोचून निघालेच होते म्हण ना. पण म्हणाले, “मी नाही सांगणार. तूच जा. संध्याकाळी दवाखान्यात असते ती. दात दुखतोय म्हण, हाकलून देता येणार नाही.” तो गेला. (जाताना पुन्हा गाठोड्यांचा निरोप घेतला.) दवाखान्यात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. चिंगीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, यातलं दुसरं ऐकून यांनी माझा ताप पाहिला. एवढंच कळलं, की तिने त्याला खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर घेतला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा बोलायला लावलं. लग्न ठरल्याप्रमाणे होतंय. त्या रात्री घरी आल्यावर चिंगी सोफ्यावर माझ्या शेजारी बसली आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. लाव म्हणाली. लावला. दाई गोठली तेव्हा तीही रडली, पण पोराकडे बघून.

विहीणबाई अजून फुगलेल्या आहेत. फुगू देत. लग्नाला येतील, पुढच्या रांगेत बसतील आणि माझ्याकडे बघणार नाहीत. मीही कडक इस्त्रीचे कपडे घालून त्यांच्या शेजारीच बसणार आहे. आणि ताई, तुला आत्ताच सांगून ठेवते, लग्नाच्या दिवशी सकाळी मी तो भाग पाहणार आहे. हेडफोन न लावता.

भावजींना सांग, काळजी घ्या. तुला काय सांगणार, तू घेतेसच, सगळ्यांची.

तुझी,
धाकटी

ता. क. – एक छोटंसं काम होतं. आम्ही मालिका पाहतो ती तुझ्या चिरंजीवांच्या खात्यावरून. परवापासून पासवर्ड चालत नाही. तुझ्या फोननंतर तो भाग तेवढा पाहून झाला आणि मग सगळंच बंद पडलं. पुढचे भाग यायला लागलेत. नवा पासवर्ड कळवता आला तर बघ. लग्नाचं सगळं मग सावकाश बोलू.

ता. क. २ – वरचं पाकिटात घालता घालता आठवलं. फोनवर रागाच्या भरात तू म्हणालीस, ‘त्या लाकडी हाताच्या बाईपायी’ मी पोरीचं वाटोळं केलं. ताई, दाईचा हात लाकडी आहे हे मी तुला कधीच सांगितलेलं नाही. कोणालाच सांगितलेलं नाही. तो बाहीत असतो, आणि दिसतो फक्त त्या एका भागात, तोही पटकन. निदान दोनदा पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. तेव्हा चिरंजीवांना कशाला त्रास? पासवर्ड तूच कळव.