ताईला सांगू नकोस

दि. ९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं बरं आहे. पोस्टमन दारात दिसला की तुला आधी कुणीतरी गेल्याचीच शंका येते, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.

तुझ्या लेकीने शब्द टाकला म्हणून ती कामाला आहे त्या लॉन्ड्रीत मला नोकरी लागली. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात, त्या मोजून नोंदवायच्या. ताई आत रोलरच्या इस्त्रीवर असते. तिथल्या वाफेत माणूस उभ्याउभ्या उकडून निघतं. मी आपली काचेच्या अलीकडे पंख्याखाली, म्हणून आतल्या बायका मला साहेबीण म्हणतात.

गेल्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. कायम करण्याआधी ऑफिसातल्या प्रत्येकाचं सोशल मीडियाचं अकाउंट तपासतात म्हणे, कुणी कंपनीची बदनामी करतंय का ते पाहायला. साहेब अगदी गोड बोलले. लपवण्यासारखं काही नसेल तर पासवर्ड द्यायला हरकत काय, म्हणाले. मावशी, मी नोकरीविना घरी बसले होते तेव्हाचं बाबांचं पडलेलं तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी दिला. बदलायचा नाही, असंही त्यांनी बजावलंय. तेव्हापासून मेसेज लिहायला बसले की कुणीतरी खांद्यावरून वाचतंय असं वाटतं. म्हणून हा कागद.

यातलं ताईला मात्र काही सांगू नकोस. ती थेट केबिनमध्ये जाऊन भांडेल. स्वभाव कुणावर गेलाय ते तुला माहीत आहे. कायम झाले की मीच सांगेन.

लोभ आहेच, तो हे वाचूनही टिकावा.

तुझी,
धाकटी


दि. १५ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू पहिल्या ओळीत धीर दिलास खरा, पण पुढचं वाचायला मला बसावंच लागलं.

अगं, घरात चोरीचं काही नाही म्हणून कुणी परक्याला घराची किल्ली देतं का? आणि त्या अकाउंटात तू एकटी थोडीच आहेस? मी आहे, तुझी आई तिच्या दुखण्यासकट आहे, ताई आहे. आम्हाला साहेबाच्या हवाली करताना एकदा विचारलं तरी असतंस. असो. रागावून झालं.

ताई सुट्टीला येऊन गेली. तिच्या हातांचे फोड तू रोज पाहतच असशील. नव्या धुण्याच्या पावडरीने होतंय म्हणे, आणि साहेब ऐकून घेत नाही. काही बायका मिळून कामगार कार्यालयात तक्रार करणार आहेत, एवढंच तिच्या बोलण्यात आलं. जास्त विचारलं तर विषय बदलते. तू तिला पासवर्डचं सांग, आणि लवकर सांग. तू म्हणतेस म्हणून माझ्या तोंडून जाणार नाही, पण पोटच्या पोरीपासून लपवायला लावलंस, ते मला जड जातंय.

मावशीचं बोलणं टोचतं, तरी तिला दुरावू नकोस.

तुझी,
मावशी


दि. २६ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

ताई तुझ्याकडे आली असेल. तिने काय सांगितलं ठाऊक नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

मी तिला सांगितलं नाही. रोज उद्यावर ढकललं.

सोमवारी तिची सुट्टी होती. माझा फोन नेहमीसारखा लॉकरमध्ये होता. दुपारी माझ्या अकाउंटवरून तिला मेसेज गेला. कामगार कार्यालयात कोण कोण जाणार, मलाही यायचं आहे, असं त्यात विचारलं होतं. सुरुवात 'ताईडे' अशी होती. तिला ताईडे म्हणणारी मी एकटीच. आमचे जुने मेसेज निवांत बसून वाचल्याशिवाय कुणाला हे सुचेल? तिने आपल्याबरोबरच्या दोघींची नावं कळवली. वर, शहाणी झालीस, असं माझं कौतुकही केलं. माझ्या अकाउंटमधून ते सगळं पुसलेलं होतं, त्यामुळे मला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी तिघींना गेटवर अडवून कामावरून कमी केल्याचं सांगितलं. ताई तशीच आत शिरून माझ्या टेबलापाशी आली आणि फोन माझ्यापुढे धरला. हे मी लिहिलेलं नाही, असं मी म्हटलं. मग कुणी लिहिलं, असं तिने विचारलं. खरं सांगायचं तर पासवर्डचं सांगावं लागलं असतं, आणि साहेब दारात उभे होते. मी गप्प बसले, मावशी. ती निघून गेली. आतल्या मशीन चालूच होत्या.

आज मला कायम केल्याचं पत्र दिलं. घरी सगळे खूश आहेत.

तुझ्या पायांशी बसण्याइतकी तरी जागा राहू दे.

धाकटी


दि. २ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

ताई इथेच आहे. मी तिला सगळं सांगितलं आणि तुझी पत्रं तिच्या हातात दिली. तिने वाचली, तारखा पाहिल्या, आणि मला आधीपासून माहीत होतं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. जेवते, आपलं ताट उचलते. मलम लावायला गेले तर हात मागे घेते. मला फार लागलं, पण तिचं चुकतंय असं म्हणायला तोंड नाही.

आता नीट ऐक. तिघींनी तक्रार नोंदवली आहे. साहेब म्हणतो, कामात हयगय केली म्हणून काढलं. पासवर्ड त्याच्याकडे होता आणि तो मेसेज तुझा नव्हता, हे तू लेखी दिलंस तर त्यांच्या म्हणण्याला वजन येईल. तुझी नोकरी जाईल, हे मला कळतंय. तुझ्या बाबांशी मी बोलेन. पण एकदा गप्प बसलीस, आता पुन्हा बसू नकोस.

माया आटलेली नाही, ती आटू देऊ नकोस.

मावशी


दि. २९ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मी ताई लिहितेय, आईच्या घरून. तू साहेबासमोर बसून लिहून दिलंस, असं कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी तुला काढलं, तेही आईकडून कळलं. तुझ्यामुळे तक्रार पुढे सरकली आहे. निकाल कधी लागेल, देव जाणे. अकाउंट बंद केलंस ते बरं केलंस.

तो मेसेज तुझा नव्हता, हे मला पटलंय. पण मी तो तुझ्याच आवाजात वाचला होता गं, आणि अजूनही तसाच ऐकू येतो. त्याला मी काय करू?

आईशी आता बोलते, कामापुरतं.

मला दुसरीकडे काम मिळालं आहे. कोरडं काम आहे, हात सुधारतायत. खोलीही बदलली. काम कुठे आणि खोली कुठे, ते आईला सांगितलेलं नाही. तुलाही सांगत नाही. लिहावंसं वाटलं तर तिच्या घरी पत्र पाठव, मी आले की वाचीन.

राग गेलाय. लोभही आहे, तो इतक्या लांबूनच असू दे.

ताई