टाचेमागची शीर

ता. ६ जुलै

चि. मासोळीस,
अ. आ. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. टाचेमागची तुटलेली शीर डॉक्टरांनी छान शिवली. टाके घालण्यात त्यांचा हात साफ आहे, हे मी शिंपीण म्हणून सांगते. प्लास्टर निघालं. आता व्यायाम शिकवणाऱ्या ताई रोज येऊन पाय टेकवा म्हणून मागे लागतात. आणखी टाळाटाळ केलीत तर पाय ताठ होईल आणि उभ्याने कापड बेतणं विसरा, असा दमही देतात. मी त्यांना तुझं मागचं पत्र दाखवलं: ‘प्रयोगशाळेत माशांची पिल्लं वळवळली आणि त्यांचे स्नायू टोकाशी उसवले, तेव्हा आत्या, अजिबात हलू नकोस!’ त्या पोरसवदा बाईंचं ऐकू की घरच्या संशोधिकेचं? मी आपली खुर्चीत राणीसारखी बसून आहे.

दुकान तुझे काका बघतात. काल त्यांनी एका पँटचे दोन्ही पाय डावेच कापले. गिऱ्हाईक भलं, हसलं. मला मात्र रडू आलं. उभं आयुष्य त्या टेबलाशी गेलं, आता पुन्हा कधी?

जेवण वेळेवर घे. माया आहेच, ती वाढू दे.
तुझी आत्या

ता. १० जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी त्या ताई सांगतात तसा पाय टेकव, मग पुढे वाच!

मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली होती. ती पिल्लं मुळातच अधू होती. त्यांच्यातलं एक प्रथिन मी मुद्दाम बंद ठेवलं होतं. पेशींच्या बाहेर प्रथिनांचं जाळं असतं, स्नायूचं टोक त्यातच रुतून शिरेला, म्हणजे स्नायू हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, धरून राहतं. ते प्रथिनच नसेल तर पहिल्या हिसक्याला शिवण सुटणारच. पण परवा मी धडधाकट पिल्लांना गुंगीचं औषध देऊन निजवून ठेवलं. वाटलं, जाळं निवांत विणलं जाईल. कसलं काय! सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर जाळं विरविरीत, धागे भरकटलेले. शेजारच्या भांड्यात हुंदडणाऱ्यांचं मात्र दाट, ओढ ज्या दिशेला त्याच दिशेने विणलेलं. ओढ बसते म्हणून शीर घडते, आत्या.

तू काही पिल्लू नाहीस, म्हणून इथल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. शिवलेल्या शिरेलाही बेताबेताने ओढ लागतेच, असं म्हणून त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. माझ्या अर्धवट शहाणपणापायी तू खुर्चीला खिळलीस, याची फार लाज वाटते. तुझा पाय ताठ राहिला तर मी स्वतःला माफ करणार नाही.

काकांना कात्रीपासून लांब ठेव. खुशाल रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझी मासोळी

ता. २ ऑगस्ट

चि. मासोळीस,
अ. आ.

तुझं पत्र त्या ताईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या इतक्या खूश झाल्या की लगेच मला खुर्चीतून उठवलंच. पहिलं पाऊल टाकताना मी काकांचा खांदा असा आवळला की बोंब त्यांनीच मारली. तुझ्या नावाने दोन शिव्याही हासडल्या, खोटं कशाला बोलू? मग कुबड्या आल्या, मग काठी. पोटरी अजून काडीसारखी आहे, पण ताई म्हणतात, भरेल.

लाज कसली वाटून घेतेस? तुझ्या शब्दावर बसले, तुझ्याच शब्दावर उठले. ताई बिचाऱ्या पहिल्यापासून बरोबर होत्या, पण माझा जीव तुझ्यावर, त्याला काय करू? आणि चुकलीस तर तसं सरळ लिहिलंस, याचा मला अभिमान वाटतो.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, चालवून घे. दुकानात टेबलाशी उभी राहून लिहिते आहे.

अशीच जीव लावत राहा.
तुझी आत्या