घोडेगावची लाइट, खोडदची लाइट

अण्णा, लग्नाचे अल्बम तुम्ही कायम दोन करायचात, एक सासरी, एक माहेरी. मी नववीत असेन. कंटाळून एकदा म्हटलं, एकच पुरे की! हातातली कात्री टेबलावर आपटून तुम्ही म्हणालात, "एका घरात काय झालं तर पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" घोडेगावच्या आपल्या फोटोच्या दुकानात, डिंकाच्या वासात, मान खाली घालून मी दुसरा अल्बम चिकटवत बसले.

तुम्ही गेलात आणि दुकान धाकट्याच्या नावावर झालं. हक्कसोडीवर सही मीच केली, कुणी हात धरला नव्हता. पण "तायडे, तुला काय वाटतं?" एवढं विचारायला काय जीभ झडली होती का त्याची? दोन वर्षं मी दुकानाची पायरी चढले नाही. राखीसुद्धा पोस्टानं पाठवली.

मग एक दिवस तोच खोडदला, माझ्या सासरी, आमच्या दारात. निगेटिव्हना बुरशी लागली होती, वाचल्या तेवढ्या त्यानं कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. "एका घरात ठेवायचं न्हाई, अण्णा म्हणायचे," बशीतल्या चहाकडं बघत म्हणाला. दोन्हीकडचे फोटो सारखे ठेवणारा एक प्रोग्राम त्यानं टाकून दिला. त्याचा कॉम्प्युटर आणि माझा, फोनच्या तारेवरून थेट एकमेकांशी बोलणार, मध्ये तिसरा कुणी नाही. अट एकच, दोन्ही एका वेळी चालू पाहिजेत. आता लोडशेडिंगमध्ये घोडेगावची लाइट आणि खोडदची लाइट एका वेळी कधी असते? म्हणून रोज त्याचा फोन. "तायडे, आली का लाइट? लाव मग." आधी एवढंच. मग हळूच, "आज काय भाजी?"

एकदा माझा कॉम्प्युटर भरला. त्याच्याकडं आहेतच की, म्हणून मी सगळे फोटो पुसले आणि कॉम्प्युटर चालूच ठेवून जुन्नरच्या बाजाराला गेले. मेथीची जुडी हातात घेतली आणि आठवलं. इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं, हे त्यानं दहादा सांगितलं होतं! त्याची लाइट चारला यायची. धावत फोनचा बूथ गाठला.

"कॉम्प्युटर लावू नको! आधी त्याला लावलेली फोनची तार काढ!"

"लाइट आत्ताच आली, बटणावर बोट हाय माझं."

"काढ म्हणते ना!"

काढली त्यानं. मी रडायलाच लागले. "रडती कशाला? दुसरा अल्बम हाय न्हवं माझ्याकडं," म्हणाला. आणि मी तिथंच, भरल्या बाजारात, बोलून गेले, "सही घेताना मला विचारलं का नाहीस?"

 मग म्हणाला, "तू नाय म्हणशील म्हणून भ्यालो व्हतो, तायडे."

आता लाइट बहुतेक असते. दोन्ही कॉम्प्युटर आपापलं उरकतात, फोनचं काही कारण उरलं नाही. हे पत्र कुठं टाकणार? घोडेगावला गेले की माझ्या लग्नाच्या अल्बमात ठेवीन, माहेरच्या. एवढं मात्र कबूल करते, अण्णा. आठवड्यातून एकदा मी माझा कॉम्प्युटर मुद्दाम बंद ठेवते. दुपारपर्यंत फोन येतोच.

"तायडे, लाइट गेली का गं तुझी?"

"हो रे," म्हणते मी, "आत्ताच गेली."