माझ्या जागी मागावर

स्वरूपा,

भात झालाय, आमटीला तेवढी फोडणी घाल. मी खासबागेत डॉक्टरीणबाईंकडं पाठीत सुया टोचून घ्यायला जातीया. चिठ्ठी मुद्दाम सुताच्या कांड्यांच्या डब्यात ठेवलीया, तिथं तुझ्याशिवाय कुणाचा हात जात न्हाय. वाचून चुलीत घाल.

काल भरलेली घागर उचलताना तू मला बघितलंस. व्हय, मणक्यातली कळ लई कमी झालीया. रात्री कूस बदलता येती. पण घरात बोलू नकोस. बरी झाले म्हणून कळलं की सुया बंद, आणि दुसऱ्या दिवशी मी परत मागावर. म्हणून अजून कण्हत उठती मी.

पण आज सकाळी माझ्या जागी विणून मागावरनं उठताना तू भिंत धरलीस. माझंबी असंच सुरू झालतं. मी खरं बोलले तर मी बसणार, न्हाय बोलले तर तू. माग काय रिकामा ऱ्हात न्हाय.

पुढच्या खेपेला तूबी चल. मला एकटीला चालवत न्हाय, धाकट्या जावेला संगं पाठवा, असं सासूबाईंना सांगते मी. डॉक्टरीणबाई तुझीबी कंबर बघतील.

रस्त्यानं माझा दंड धर. बघणाऱ्याला वाटंल, तू मला सांभाळतीस. भार मात्र तू माझ्यावर टाक.

आक्का