साखरेच्या बरणीतली नदी

प्रिय ठमे,

माझ्या घरात सध्या साखर कागदी पुडीत राहते आणि नदीचं पाणी साखरेच्या बरणीत. पुडीचा पत्ता मुंग्यांना लागला आहे. जाताना तुला हीच बरणी सापडावी, याचा मी अत्यंत गंभीरपणे निषेध करते.

तुझ्या अभ्यासातले बारीक जीव असलेलं पुलाखालचं पाणी तीत भरून, खिडकीत ठेवून, आठवड्याला उकडलेला एकच गव्हाचा दाणा टाक असं बजावून तू प्रयोगशाळेतल्या नोकरीवर निघून गेलीस. एक दाणा! आपल्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही. मी पावाचा अख्खा तुकडा टाकला. दोन दिवसांत पाणी दुधासारखं झालं, आणि वास असा की दूधवाल्यानं पिशवी जिन्यावरूनच फेकली. म्हटलं, पोरीचे जीव मी पाहुणचारानं मारले. बरणी पडद्यामागं ढकलली. पाणी आटलं की तांब्यातलं शिळं पाणी तेवढं ओतायची. नळापर्यंत जायचा कंटाळा.

आणि परवा तुझा फोन. तू रडत होतीस. घाईत नळाचं ताजं पाणी घातलंस, त्यातल्या औषधानं तुझ्या सगळ्या बाटल्यांतले जीव मेले. पुलाखालचा गाळ आता उपसलाय, तसे जीव परत मिळायचे नाहीत, वर्षाचं काम बुडालं. आणि म्हणालीस, आत्या, बरणी तर तू फेकलीच असशील. मी ‘बघते’ एवढंच म्हणाले. हे किती दुर्मीळ, तुला ठाऊक आहे.

फोन ठेवून पडदा सारला, तर पाणी नितळ! माझ्या शिळ्या पाण्यातलं औषध केव्हाच उडून गेलेलं. तुझं इथं राहिलेलं सूक्ष्मदर्शक पुसून एक थेंब खाली ठेवला. काय गर्दी गं! चपलेसारखा आकार, अंगभर बारीक केस. त्या केसांनी पाणी ढवळायचं, जिवाणू तोंडात ओढायचे, की पोटात एक फुगा. तो सरकतोय तोवर दुसरा. माझ्या पावावर माजलेले जिवाणू यांनीच फस्त केलेले. नदीतही हेच चालतं, असं तू सांगायचीस तेव्हा मी जांभया द्यायची. एवढ्या पंगतीत एकानंही मिठाला नाव ठेवलं नाही. आपल्या घराण्यात असं कुणी जन्मलं नाही.

तर, हे पत्र घेऊन आलेल्या तुझ्या बापाच्या हातात कापसाचं बूच लावलेली बाटली आहे. आडवी करू नको, असं त्याला दहादा सांगितलंय. निम्मे जीव तुला. निम्मे इथंच ठेवलेत, न जाणो तू पुन्हा नळ उघडशील. आता डोळे पूस आणि कामाला लाग. एकदा तरी डोळा लावून बघ, म्हणून तू वर्षभर मागं लागली होतीस आणि मी उद्या-उद्या करत राहिले. ती एक नजर तुझी माझ्याकडं उधार होती. काल दुपारभर बघत बसले. फिटली.

बरणी राहू दे. साखर पुडीत बरी आहे.

तुझीच आत्या
(आणि नाइलाजानं लाखोंची आजी)